डोंगर कोणी हलवला?

हिमनदीचा आणि पनवेलचा संबंध काय, असं कुणीही विचारील. कोकणात बर्फ पडत नाही. इथला खडक लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचे थर पनवेलजवळ समुद्राकडे वाकले आहेत, त्या बाकाला भूशास्त्रात 'पनवेल फ्लेक्शर' असं आपल्याच गावाचं नाव आहे. तरीही आपली खाडी बर्फाची देणेकरी आहे. वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं अफाट पाणी हिमनद्यांत अडकलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. बर्फ वितळला, समुद्र चढला, नद्यांच्या मुखांत शिरला. खाजणं, तिवरं, मिठागरं, कोळीवाडे हे सगळं त्यानंतरचं.

हिमनदी थिजलेली दिसते, पण चालते. पोटातल्या दगडांनी कानशीसारखा डोंगर घासते, दऱ्या रुंद करते आणि मागे हटताना ओझं तिथंच टाकून जाते. तिला जाब कोण विचारणार?

उलव्याचा डोंगरही गेला. सुमारे ९० मीटर उंचीचा. नवी मुंबई विमानतळासाठी तो सुरुंगांनी फोडला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं उठवली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. माझे एक स्नेही म्हणतात, 'निसर्गही डोंगर मोडतोच की! मग माणसानं मोडला तर एवढा गहजब कशाला?'

युक्तिवाद वरवर बिनतोड आहे, पण मला पटत नाही. हिमनदीनं हजारो वर्षं घेतली. माशांना, झाडांना, माणसांना सरकायला अवधी मिळाला. शिवाय तिच्या कामावर कुणाची सही नव्हती. इथं आराखडा होता, तारीख होती, सही होती. जिथं सही आहे तिथं सवाल विचारता येतो. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो विचारला आणि गोळीबारात पाच जणांनी जीव दिला. साडेबारा टक्के विकसित भूखंड त्यातून मिळाले, कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे. विमानतळ नको होता असं मी म्हणत नाही. आपल्या मुलांनाही तिथं रोजगार हवाच आहे.

अवघड सवाल पुढचा आहे. हिमनद्या आता आपल्या धुरानं वितळताहेत. १९०० नंतर जगातला समुद्र सुमारे वीस सेंटिमीटर वर आला, त्यात त्यांचा मोठा वाटा. ४ ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हे हिमतलाव फुटलं, तीस्तेनं धरण वाहून नेलं, माणसं गेली. या कामावर सही कुणाची? कुणाचीच नाही, आणि थोडी थोडी सगळ्यांची. पण 'सगळ्यांची' म्हणताच श्रीमंत देश आणि होडी वल्हवणारा कोळी एका रांगेत उभे राहतात. हा कसला इन्साफ? ज्यानं जितका फायदा उपसला, तितकी त्याची जबाबदारी, एवढं तरी मानायला हवं.

गाढी नदीला पूर आला की पटेल मोहल्ला, कच्छी मोहल्ला, कोळीवाडा इथली माणसं सामान माळ्यावर चढवतात. पावसात भरतीची वेळ आली तर पाण्याला खाडीत उतरायला जागा राहत नाही. म्हातारी माणसं 'अल्लाची मर्जी' म्हणतात, त्यांच्या सब्राचा मला आदर आहे. मात्र हेच शब्द भराव टाकणाऱ्याच्या तोंडून ऐकले की मी विचारतो: पाऊस त्याच्या मर्जीचा, मान्य, नाला कोणी बुजवला?