थंडीतली तहान

आजचा श्लोक गीतेच्या पाचव्या अध्यायातला, अठरावा. ज्ञानी माणूस विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि ज्याला समाजानं सगळ्यात खाली बसवलं तो माणूस, या सगळ्यांकडं एकाच नजरेनं बघतो, असा त्याचा भाव. शाळेत असताना पाठ केलेला श्लोक. त्यातला कुत्रा मात्र मला परवा दिसला.

आमच्या परतूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. मार्च लागला की मी फाटकाजवळ सिमेंटचं कुंडं भरून ठेवतो. गल्लीतला एक म्हातारा कुत्रा, चिमण्या, एखादी मोकाट गाय पिऊन जाते. पाऊस पडला की आपलं काम संपलं, असं मी धरून चालत होतो. परवा पहाटे बाहेर आलो तर चांगलंच गार होतं, आणि तो कुत्रा आमच्या मोरीतून वाहणारं साबणाचं पाणी चाटत होता. कुंड्यात नुसता लिंबाचा पाला.

आईला सांगितलं तर म्हणाली, "थंडीत तू पाणी पितोस की नाही? मग?"

मग तिनं गोठ्यातलं सांगितलं. हिवाळ्यात जनावराच्या पुढ्यात वाळला कडबा. त्यावर पाणी कमी पडलं की पोट गच्च होतं, चारा पचत नाही. पण रात्रभर उघड्यावर राहिलेलं हौदातलं पाणी इतकं गार असतं की जनावर दोन घोट घेऊन तोंड काढतं. म्हणून आजोबा सकाळी विहिरीचं ताजं पाणी शेंदून पाजायचे. जमिनीच्या पोटातलं पाणी थंडीतही कोमट लागतं, बोअरचंही तसंच. आपल्याला अंघोळीला गरम पाणी लागतं ते कळतं, बैलाचं कळायला आजोबा लागतात.

शिकागोकडं राहणाऱ्या एका मित्राला हे बोललो. तिकडं बाहेरच्या भांड्यातलं पाणी बघता बघता गोठतं, म्हणून विजेवर कोमट राहणारी भांडी मिळतात. तरी तो सकाळ-संध्याकाळ जाऊन बघतोच. वायर निघाली असली तर? आमच्याकडं बर्फ होत नाही, म्हणून मी महिनोन् महिने बघितलंच नाही. ऑफिसात सर्व्हर बंद पडला तर मोबाइलवर मेसेज येतो. कुंडं कोरडं पडलं तर कोण मेसेज करणार?

पैठणच्या नाथांची गोष्ट आपण कीर्तनात कितीदा ऐकतो. काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघाले आणि वाटेत तहानेल्या गाढवाला पाजली. आपण नाथांच्या त्यागाचं कौतुक करतो, ते बरोबरच. पण मला आता वाटतं, त्याच्या आधी त्यांना गाढव दिसलं होतं. बाकीचेही त्याच वाटेनं गेले असतील. आणि ते गाढव उन्हात तडफडत तरी होतं. थंडीतली तहान तडफडत नाही. ती गुपचूप मोरीकडं जाते. नाथांना तीही दिसली असती. मला फाटकाशी असून दिसली नाही.

आता संध्याकाळी कुंडं पालथं करतो, सकाळी बोअरचं ताजं पाणी भरून उन्हात सरकवतो. आज कुत्रा आला, हुंगलं आणि परत मोरीकडंच गेला. वाईट वाटलं, खरं सांगतो. आई म्हणाली, "इतके दिवस कोरडं होतं. दोन-चार दिवस जाऊ दे, कळंल त्याला."

मोरीच्या तोंडावर आज फरशी ठेवलीय.

राम कृष्ण हरि.