सुर्खाबाची पिसं

एखादा मुलगा मिजास करू लागला की आमच्या उर्दू शाळेत आम्ही विचारतो, ‘‘तुला काय सुर्खाबाची पिसं लागली आहेत?’’ वाक्प्रचार मुलांना तोंडपाठ. पण सुर्खाब कुणीच पाहिला नव्हता. मराठीत त्यालाच चक्रवाक म्हणतात. लडाख-तिबेटकडे वीण करून तो हिवाळ्यात आपल्याकडे उतरतो. तो दाखवावा म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही काही शिक्षक आठवीच्या मुलामुलींना घेऊन जुन्नरहून डिंभे धरणाच्या काठी गेलो.

घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं गाव याच पाण्याखाली आहे. पाणी ओसरलं की काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिथे तुतवार आणि धोबी किडे टिपतात, आणि धरणात जमिनी गेलेली महादेव कोळी कुटुंबं गाळपेर करतात. त्यांच्याबरोबर गाळपेर आणि मासेमारीचं काम उभं करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ साली इक्वेटर पुरस्कार मिळाला.

पाण्याकडेला नारिंगी रंगाची चक्रवाकांची जोडी दिसली. अलीकडे एक वयस्कर बाई हरभरा खुडत होत्या. आमच्यापैकी एकाने त्यांना खुणावलं, ‘‘मावशी, जरा बाजूला व्हा, पाखरं उडतील.’’ त्या मुकाट्याने उठल्या. आम्ही पुढे सरकलो आणि जोडी उडाली. मावशी म्हणाल्या, ‘‘गुरुजी, ती आम्हाला बुजत नाहीत. तुम्हाला बुजली.’’

परतताना एका मुलीने विचारलं, ‘‘सर, शेत तर त्यांचं होतं. मग बाजूला कोणी व्हायचं?’’

पाखरांची काळजी होती, असं आम्ही स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. दूरच्या मुसाफिरासाठी आम्ही घरधन्यालाच उठवलं होतं. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्यालाही विचारला जातो. आपल्याच जागी परकं ठरण्याची बोच आपल्याला ठाऊक आहे. तरी तीच बोच आम्ही दुसऱ्याला दिली, आणि आम्हाला ते कळलंही नाही. ज्याने सोसलं तो आपोआप शहाणा होतो, असं नाही.

सलीम अली (१८९६–१९८७) लहानपणी स्वतः मारलेली चिमणी घेऊन, ती कोणती हे विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले होते. पक्षी पाहण्याची त्यांची वाट त्या विचारण्यातून सुरू झाली. आम्ही मावशींना काहीच विचारलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

माणसाचा हक्क मारला तर माफी त्या माणसाकडेच मागावी लागते, हे आम्ही वर्गात शिकवतो. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. मावशींनी आमचं बोलणं अर्ध्यावरच थांबवलं, मुलांच्या ओंजळीत हरभऱ्याचे घाटे टाकले आणि जुनं गाव कुठे होतं ते बोटाने दाखवलं. मुलं बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिली. सुर्खाब आला होता की नाही, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.