मनोऱ्याची माया, छपराचा खर्च

एखादी वास्तू आपली वाटणे आणि तिचा भार आपला मानणे यांत केवढे अंतर असते, हे इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील चर्चकडे पाहिले असता ध्यानात येते. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच निम्म्याखाली, ४६.२ टक्क्यांवर आले. तरीही गावातले चर्च बंद होणार म्हटले, की उपासनेला कधी न फिरकणारे रहिवासीही अस्वस्थ होतात, कारण त्यांच्या पूर्वजांची थडगी त्या आवारात असतात, महायुद्धात पडलेल्या गावकऱ्यांची नावे त्या भिंतीवर कोरलेली असतात आणि मनोऱ्यावाचून गावाचे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही.

पूर्वी या नात्याची किंमत सक्तीने वसूल होई. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील परिसर. तेथे घर वा जमीन बाळगणाऱ्यास, तो कोणत्याही पंथाचा असला तरी, चर्चच्या डागडुजीसाठी ‘चर्च रेट’ नावाची पट्टी भरावी लागे. क्वेकरांसारख्या वेगळ्या पंथांच्या लोकांना आपल्या विवेकाविरुद्ध पैसे देणे मान्य नव्हते, ही पट्टी नाकारून काहींनी तुरुंगवासही पत्करला आणि अखेर १८६८ च्या कायद्याने ही सक्ती उठली. अन्याय संपला, मात्र छप्पर गळायचे थांबले नाही. छतावरचे शिशाचे पत्रे चोरीला गेले, तर ते पुन्हा बसवण्याची विवंचना आज मुख्यतः नियमित येणाऱ्या मोजक्या, बहुधा वयस्क उपासकांच्या वाट्याला येते.

उपासना थांबलेल्या ऐतिहासिक चर्चसाठी १९६९ मध्ये एक स्वतंत्र न्यास स्थापन झाला आणि आज तो ३५० हून अधिक वास्तू सांभाळतो. परंतु जतन झालेली वास्तू आणि नांदती वास्तू एकच नव्हेत. हेरफर्ड येथील ऑल सेंट्स या मध्ययुगीन चर्चच्या पश्चिम टोकाला उपाहारगृह चालते आणि पूर्वेकडे वेदीपाशी प्रार्थना होते. याने पावित्र्य भंगते असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की मध्ययुगात चर्चच्या खर्चासाठी गावमेळे भरत आणि त्यांत ‘एल’ नावाची बिअर विकून निधी उभा केला जाई. देवकार्य आणि गावकार्य यांच्यातील सोवळ्याची भिंत पुष्कळशी नंतरची आहे.

श्रद्धा मागून मिळत नाही आणि पट्टी लादून आपलेपणा रुजत नाही, हे १८६८ पूर्वीच्या अनुभवाने दाखवले. मात्र श्रद्धा नसली म्हणजे ऋणही नाही, असे होत नाही. ज्या मनोऱ्यामुळे गाव आपले वाटते, त्याच्या पन्हळीतला पालापाचोळा काढण्यासाठी पावसापूर्वीची एक सकाळ देणे, एवढे तरी उपासनेला न येणाऱ्यांकडेही मागता येते. तसा पालापाचोळा साचून राहिला, तर पाणी भिंतीत उतरते आणि ज्या नावांसाठी जीव हळहळतो, त्या कोरलेल्या नावांवरच ओल धरते.