बाकीचं काय करायचं?

तिसरी-चौथीत भागाकार येतो. भाज्य, भाजक, भागाकार, बाकी हे चार शब्द पाठ होतात. शेवटी उरलेली बाकी लिहिली की मुलं वही मिटतात. मला मात्र वाटतं, खरा विचार तिथूनच सुरू होतो.

कर्जत स्टेशनवरून २५ मुलांना कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याशी न्यायचं आहे. एका रिक्षात तिघं बसतात असं धरू. (धरावंच लागतं, प्रत्यक्षात किती बसतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.) भागाकार आठ, बाकी एक. पण आठच रिक्षा केल्या तर एक पोर स्टेशनवर राहील. म्हणजे नऊ हव्यात. १५ रुपयांचा एक वडापाव, खिशात शंभर. इथे मात्र सहाच मिळणार, दहा रुपये खिशात राहणार. पाच वडे चौघांत वाटायचे असतील तर उरलेल्या वड्याचे चार तुकडे होतात आणि प्रत्येकाला सव्वा मिळतो. अपूर्णांक असा खाता खाता शिकता येतो.

खालापूरकडच्या शेतावर आणखी वेगळा हिशेब. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत राबातून उपटलेल्या रोपांच्या मुठी खाचरांत वाटल्या, तरी चार-दोन उरतात. त्या कुणी फेकत नाही. काही रोपं मरणार हे माहीत असतं. नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला या उरलेल्या मुठी बांधाशी ठेवतात.

बाकी लिहून वही मिटायची सवय फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास एका राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांचा भागाकार बरोबर होता. ‘बत्तीस’ म्हणणारी जेमतेम २३ टक्के. २९ टक्क्यांनी लिहिलं, ‘एकतीस, बाकी बारा’. त्या बारा जणांना पायी पाठवायचं होतं बहुतेक!

मुलांना हसून उपयोग नाही. कोरे आकडे देऊन आपणच त्यांना सवय लावतो. शिवाय बरोबरच्या खुणेची घाई आपल्यालाच अधिक. घरात चौथीतलं पोर असेल तर आज त्याला विचारून बघा: जेवायला ५० माणसं, एका पंगतीत आठ. सहा पंगती भरल्या, दोघं उरले. त्या दोघांसाठी सातवी पंगत मांडायची, की सहाव्या पंगतीतच थोडं सरकून त्यांना जागा करायची? त्याला ठरवू द्या, आणि का ते सांगू द्या.