खेकड्याचा अपराध

ज्या भुकेसाठीं एखादा प्राणी आपण घरीं आणला, त्याच भुकेबद्दल त्याला दोषी ठरवितां येईल काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या परीक्षापत्रिकेंत शोभला असता. मला तो गेल्या वर्षीं एका तळघरांत भेटला.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत न्यू जर्सी येथें स्थायिक झाला आहे. त्याच्याकडे मी कांहीं आठवडे राहावयास गेलों होतों. त्याच्या तळघरांत एक मोठी काचपेटी आहे. तींत समुद्राइतकें खारट पाणी, वर निळसर दिवे आणि दगडांवर जिवंत प्रवाळें. प्रवाळ म्हणजे अंगठींतला खडा एवढेंच आपण जाणतों. वस्तुतः तो अत्यंत मृदु अशा चिमुकल्या प्राण्यांचा समुदाय असतो, आणि पुष्कळांच्या अंगांत सूक्ष्म शैवलें वस्ती करून, प्रकाशावर अन्न सिद्ध करून, यजमानास पोसतात. या पेटींत एकदां व्हॅलोनिया नांवाचें फुग्यांसारखें हिरवें शेवाळ माजलें. तें खाणारा म्हणून कॅरिबियन समुद्रांतला एक लहानसा हिरवा खेकडा तिकडे दुकानांत ‘एमराल्ड क्रॅब’ या नांवानें विकतात. तो आणला, आणि थोड्याच दिवसांत शेवाळ संपलें. खेकड्याची भूक मात्र संपली नाहीं. एका रात्रीं तांबड्या विजेरीच्या उजेडांत तो एका प्रवाळाचे लचके तोडतांना दिसला.

“सर, याचा आतां काय निकाल करावा?” सकाळीं चहा घेतांना त्यानें विचारलें.

मीं आधीं पुरावा मागितला. खेकडा हा सर्वभक्षी. मेलेलें मांस साफ करणें हा तर त्याचा व्यवसायच. प्रवाळ अगोदरच सडूं लागलें असेल, तर त्यावर बसलेला खेकडा मारेकरी नसून मसणवटींतला सेवक ठरतो. पेटींत प्रवाळ मरावयास कारणें पुष्कळ असतात : पाण्याची उष्णता वाढते, क्षारांचें प्रमाण बिघडतें, दिवा फार प्रखर होतो. पण तीं डोळ्यांना दिसत नाहींत, आणि खेकडा दिसतो. गांवांत चोरी झाली कीं रात्रीं रस्त्यानें जाणाऱ्या परक्याला धरावें, तशांतला हा न्याय. मनुष्यांच्या न्यायसभेंत तरी याहून निराळें नेहमीं घडतें असें नाहीं. परंतु तें प्रवाळ आदल्या दिवशीं पूर्ण उमललेलें होतें असें त्यानें निक्षून सांगितलें. तेव्हां हा बचाव मला सोडून द्यावा लागला.

मग मीं समुद्राकडे वळलों. पॅसिफिक महासागरांत पोसिलोपोरा जातीच्या प्रवाळाच्या फांद्यांत ट्रॅपिझिया नांवाचे खेकडे राहतात. ते प्रवाळाचा स्राव खातात. पण प्रवाळभक्षक काटेरी तारामासा चाल करून आला कीं त्याला चिमटे घेऊन हुसकावतात, आणि फांद्यांत सांचलेला गाळ उपसतात. मूरेआ बेटाजवळ झालेला एक प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या प्रवाळांतून खेकडे काढून घेतले होते, त्यांतलीं बरींचशीं महिन्याच्या आंत मेलीं. ज्यांत खेकडे होते तीं जगलीं. तेथें कोणी नीतिमान् आहे असें नव्हे. येथल्याप्रमाणेंच तेथेंहि प्रत्येकजण आपल्या पोटासाठींच झटतो. पण तेथें भिंत नाहीं. “ही भिंत तूं बांधलीस,” मीं म्हणालों, “तेव्हां खेकडा वाईट आहे या वाक्याला कांहीं अर्थ नाहीं, मीं त्याला उपाशी ठेवलें, या वाक्याला आहे.”

“आणि प्रवाळाला कोणी कोंडलें? तेंहि मींच ना, सर?”

हें उत्तर मला अपेक्षित नव्हतें. दोन आश्रितांपैकीं एक दुसऱ्याला खात असतां आश्रयदात्यानें कोणाचा पक्ष घ्यावा? बेंथॅमनें १७८९ सालीं, प्राण्याला दुःख होतें कीं नाहीं, हीच कसोटी मानिली. बेलफास्ट येथील एल्वुड यांचे प्रयोग पाहतां, विजेचे धक्के बसल्यावर शंखांतले खेकडे शंख सोडतात, पण आवडता शंख सहजासहजीं सोडीत नाहींत. म्हणजे ती केवळ यांत्रिक उसळी नसावी. ब्रिटिश पार्लमेंटानें २०२२ च्या कायद्यांत खेकड्यांना संवेदनशील प्राण्यांत गणलें. प्रवाळाला मेंदूच नाहीं. या कसोटीनें पारडें खेकड्याकडे झुकतें. (हें लिहिणाऱ्यानें कोकणांत बाळपणीं कुर्ल्यांच्या सारावर यथेच्छ ताव मारलेला आहे, हें वाचकांपासून लपवीत नाहीं. माझा अधिकार तेवढ्यापुरता कमी समजावा.)

मारणें तर त्यालाहि नको होतें. दुकानांत परत देणें म्हणजे आपलें ओझें दुसऱ्याच्या पेटींत टाकणें. आणि न्यू जर्सीच्या थंड समुद्रांत हा उष्ण प्रदेशांतला जीव सोडणें म्हणजे मुक्तीच्या नांवाखालीं वध. पेटीच मुळांत कशाला, असें मीं विचारणार होतों. एडमंड गॉस यानें १९०७ सालीं आपल्या आत्मचरित्रांत, बापाच्या पुस्तकांनीं वेडावलेल्या संग्राहकांनीं इंग्लंडचे किनारे कसे ओरबाडले, याबद्दल खेद केला आहे. पण पाहुण्यानें यजमानाच्या घराचा पायाच उकरूं नये, म्हणून गप्प बसलों.

शेवटीं, जेथें पाणी गाळलें जातें त्या खालच्या टाकींत खेकड्याची रवानगी झाली. तेथें प्रवाळ नाहीं, शोभा नाहीं. दररोज समुद्रशेवाळाचा एक वाळका तुकडा मात्र मिळतो. तो देण्याचें काम त्याच्या मुलीनें आपण होऊन पत्करलें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं मी पुन्हां तळघरांत उतरलों. वरच्या पेटींत एका दगडाच्या कडेला दोन हिरवे फुगे दिसले. मीं ते त्याला दाखविले. तो कांहीं वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “सर, आणखी एक खेकडा आणावा लागेल असें दिसतें.”