अंगणात उभी जनी

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात बसलं, शेंगांतच मोड फुटले. परभणीकडच्या एखाद्या बांधावर बाईच्या तोंडून "देवा, डोळे फुटले का तुझे?" निघालं, की लगेच कुणीतरी तिला आवरतं : "असं बोलू नको माय. तो परीक्षा बघतोय. जनाबाईनं कधी तक्रार केली का?"

केली होती. याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनी, नामदेवांच्या घरची दासी. विठ्ठल तिच्यासोबत दळू लागला, ही कथा सगळ्यांना पाठ असते. गोपाळपुरात तिचं जातंही दाखवतात. पण तिच्याच नावावरच्या एका अभंगात ती अंगणात उभी राहून देवाचं नाव तोडून हाका मारते, त्याच्या मरणाच्या शिव्या देते. आळीतल्या भांडणात बायका देतात तशा. याला 'लाडिक रुसवा' म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर पदर दाबणं.

चोखोबांच्या घरात हा राग जातीच्या जाचातून आला. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर देवाला जन्माचाच जाब विचारतो. बायबलातला ईयोबही राखेत बसून हेच करतो. इथवर वाद नाही.

वाद तुकोबांपाशी आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचं दिवाळं निघालं, पहिली पत्नी अन्नाविना गेली, मुलगाही गेला. पुढची कथा अशी सांगतात : तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, देहूचं मोडकळीला आलेलं देऊळ उभं केलं आणि मन शांत झालं. म्हणजे राग कच्च्या भक्ताचा, स्वीकार पक्क्याचा.

गाथा उघडली की ही शिडी मोडते. तुकोबा देवाशी भांडतात, त्याला ऋणकरी ठरवतात, दारात धरणं धरतात. एका अभंगात तर देव आपल्या हिशेबी संपला, असंही सुनावतात. ही वाण्याची भाषा आहे. कुळांची खाती त्यांनी बुडवली, देवाचं खातं मात्र उघडं ठेवलं. जनीचा राग घरातला होता; तुकोबांनी त्याला वसुलीचं रूप दिलं. ज्याच्याकडे काही येणं आहे, त्याच्याच दारात माणूस बसतो. ज्याच्यावर विश्वास उरला नाही, त्याच्याकडे तो फिरकतही नाही.

हे विसरल्याची किंमत बांधावरची बाई मोजते. देवापुढे गप्प बसायला शिकवलेली तीच पुढे पंचनाम्यात नाव सुटलं तरी गप्प राहते, विम्याचे पैसे अडले तरी नशिबाला दोष देऊन घरी परतते.

गोदाकाठी गंगाखेडात जनाबाईचं कीर्तन होईल, तेव्हा दळणाची कथा जरूर रंगावी. पण त्याच रात्री, त्याच टाळांवर, शिव्यांचा तो अभंगही म्हटला जावा. मोड आलेल्या शेंगा दारात टाकून आलेली एखादी बाई समोर बसलेली असेल.