तांदळाचं माप

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी आपल्या शहापूरच्या सत्संगात उडुपीच्या राजाची गोष्ट झाली. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुरुक्षेत्रावर सगळे राजे लढायला निघाले, तेव्हा उडुपीचा राजा म्हणाला, मी कुठल्याच बाजूने लढणार नाही, पण दोन्ही बाजूंच्या सैन्याला जेवू घालीन. अठरा दिवस त्याने जेवण पुरवलं. एकाही दिवशी अन्न उरलं नाही, की कमी पडलं नाही. कसं जमलं म्हणून विचारल्यावर त्याने सांगितलं, रात्री मी श्रीकृष्णापुढे उकडलेल्या शेंगा ठेवतो. देव जेवढ्या शेंगा खातात, त्याच्या हजारपट माणसं दुसऱ्या दिवशी जातात. तेवढ्यांचा स्वयंपाक मी कमी करतो.

(ही गोष्ट व्यासांच्या महाभारतात नाही बरं का, लोककथा आहे. भुईमूग तर आपल्याकडे दक्षिण अमेरिकेतून गेल्या चार-पाचशे वर्षांतच आला. पण आमच्या सासूबाई म्हणायच्या तसं, गोष्टीला शेंगा चालतात.)

गोष्ट ऐकून सगळे "वा, काय लीला!" म्हणाले. आजीच्या मांडीला टेकून बसलेली एक छोटी मुलगी मात्र म्हणाली, "म्हणजे राजाला आदल्या रात्रीच कळायचं, उद्या किती ताटं कमी? मग भात करताना त्याला कसं वाटत असेल?"

आपण हसून वेळ मारून नेली. प्रसाद आला, आरती झाली, विषय संपला. माझा नाही संपला. घरी येऊन कुकर लावताना डब्यातली वाटी हातात घेतली आणि तशीच उभी राहिले.

आपल्या बायकांच्या हाताला माप ठाऊक असतं ना. किती वाट्या तांदूळ, किती पोळ्यांची कणीक, डोकं चालवावं लागत नाही. लेक सासरी गेली तेव्हा महिनाभर माझ्या हातून एक वाटी जास्त पडायची. सासरे गेल्यावर तर तेराव्यानंतरही त्यांच्या वाटणीचा मऊ भात मी वेगळा काढत होते. हात शिकलेलं विसरायला वेळ लावतो. जिथे देशच्या देश युद्धात आहे, तिथे लाखो घरांमध्ये हे माप रोज बदलत असणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी भाची युक्रेनमध्ये खार्किवला डॉक्टरकी शिकत होती. 24 फेब्रुवारी 2022 ला पहाटे तिथे बॉम्ब पडायला लागले. खार्किव हे त्या देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर, रशियाच्या सरहद्दीला अगदी लागून. ते आठ-नऊ दिवस आमच्या घरात कसे गेले ते तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, कारण तुम्हीच अखंड नाम चालवलं होतं. 1 मार्चला आपल्याच कर्नाटकातला एक मुलगा तिथे गेला. खायला आणायला बाहेर पडला होता. 2 तारखेला आपल्या दूतावासाने सांगितलं, वाहन नाही मिळालं तर पायी चला, पण आजच्या आज खार्किव सोडा. पोरं बर्फातून चालत निघाली. सरकारच्या 'ऑपरेशन गंगा'मधून बावीस हजारांवर भारतीय परत आले, त्यात आमची पोर एक.

निघताना तिच्या घरमालकिणीने तिला ब्रेड आणि चार उकडलेली अंडी बांधून दिली. ही मालकीण साठीच्या पुढची, सगळी मुलं तिला बाबुश्का म्हणत, म्हणजे आजी. आमची पोर गळ्यात तुळशीची माळ घातलेली. दोन दिवस रेल्वेत उभ्याने काढल्यावर तिने ती अंडी खाल्ली. घरी पोचल्यावर आईच्या गळ्यात पडायच्या आधी तिने मला हेच सांगितलं, रडत. मी म्हटलं, बाळा, तो प्रसाद होता. ह्यावर ग्रुपवर कुणाला वाद घालायचा असेल त्यांनी कृपया मला वेगळा फोन करावा.

ती बाबुश्का अजून तिथेच आहे. भाची फोनवर भाषांतर करून तिच्याशी बोलते, आणि आता मी पण बोलते. आमच्या दोघींच्या गप्पा म्हणजे निम्म्या स्वयंपाकाच्या. तिथे बीटाचं, कोबीचं एक सूप करतात, बोर्श म्हणतात त्याला, मोठं भांडं भरून. तिच्या घरात सहा माणसं होती. मुलगा सैन्यात गेला. तिकडे 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडून जाता येत नव्हतं, अलीकडे तरुण पोरांना थोडी सूट दिली म्हणतात. सून दोन नातवंडांना घेऊन पोलंडला गेली. नवरा दुसऱ्या हिवाळ्यात वारला, आजारानेच. राहिली एकटी. भांडं तेच आहे. मी विचारलं, लहान का नाही घेत? ती म्हणाली, लहान भांड्यात मला करताच येत नाही. मग ती भांडंभर करते आणि जिन्यावरच्या घरांमध्ये वाटते.

तिथलं रोजचं जगणं ती इतक्या साधेपणाने सांगते की ऐकणाऱ्याच्याच अंगावर काटा येतो. घरात दोन भिंतींचा नियम आहे. भोंगा झाला की खिडकी आणि आपण यांच्यामध्ये दोन भिंती हव्यात, कारण पहिली भिंत स्फोट झेलते आणि दुसरी उडणाऱ्या काचा अडवते. म्हणून लोक पॅसेजमध्ये नाहीतर बाथरूममध्ये गादी टाकून झोपतात. खार्किवला सरहद्द इतकी जवळ की कधीकधी स्फोट आधी होतो आणि भोंगा नंतर. सुरुवातीचे तीन महिने हजारो लोक मेट्रोच्या स्टेशनांमध्ये जमिनीखाली राहिले, पुढे त्याच स्टेशनांत मुलांचे वर्ग भरायला लागले. 2022 च्या ऑक्टोबरपासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले. तेव्हापासून लोक लिफ्टमध्ये एक खोकं ठेवतात, पाणी, बिस्किटं, औषध, टॉर्च. वीज गेली आणि कुणी अडकलं तर त्याला असावं म्हणून. त्या खोक्यावर कुणाचं नाव नसतं. आपल्या पाणपोईसारखंच म्हणायचं.

एकदा पहाटे जवळच काहीतरी पडलं आणि तिच्या स्वयंपाकघराची काच गेली. तिने आधी ओट्यावरच्या काचा वेचल्या, मग खिडकीला प्लायवूड मारून घेतलं, आणि मग कुंड्यांना पाणी घातलं. आम्हाला फोटो आला तो कुंड्यांचा.

तो फोटो पाहिला आणि मला द्रोणपर्व आठवलं. जयद्रथवधाचा दिवस. सूर्य मावळायच्या आत त्याला मारीन, नाहीतर अग्निकाष्ठ भक्षण करीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक घटका मोलाची. आणि मध्येच रथाचे घोडे थकले, अंगभर बाण रुतलेले. श्रीकृष्णाने काय केलं? भर रणात घोडे सोडले. अर्जुनाने बाण मारून जमिनीतून पाणी काढलं. देवाने आपल्या हातांनी घोड्यांच्या अंगातले बाण उपसले, त्यांना चोळलं, पाणी पाजलं, चरू दिलं. चारी बाजूंनी शत्रू. गीता सांगणारा तो हाच देव. आपण गीता पाठ करतो आणि घोड्यांचं पाणी विसरतो. पहिला अध्याय तर आपण विषाद म्हणून भराभर म्हणून टाकतो. पण त्यात अर्जुन काय बोलतोय ते एकदा शांतपणे वाचा. काका, मामा, आजोबा, नातवंडं, घराण्यातल्या बायका, पितरांना पाणी कोण देणार. घरातल्या माणसांचीच यादी आहे ती. देवाने पुढे त्याला उभं केलं हे खरं, पण ती यादी खोटी आहे असं देव म्हणाले नाहीत. आणि युद्ध संपल्यावर स्त्रीपर्वात तीच माणसं गांधारी रणभूमीवर एकेक करून ओळखते.

महाराज सांगत, नामाला बसताना संसार उंबऱ्याबाहेर ठेवून येऊ नका, त्याला मांडीवर घेऊन बसा. ते मला कळायला बाबुश्का लागली.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगू का नको असा पंधरा दिवस विचार केला. बाबुश्काची सख्खी धाकटी बहीण सरहद्दीपलीकडे बेल्गोरोदला असते, रशियात. लग्न होऊन गेली, चाळीस वर्षं झाली. दोन्हीकडे बोली एकच. पूर्वी सणाला येणंजाणं होतं, बरण्या भरून लोणची जायची यायची. युद्ध सुरू झाल्यावर हिने फोन करून सांगितलं, आमच्यावर बॉम्ब पडतायत. बहीण म्हणाली, असं काही नाही, आमच्या टीव्हीवर वेगळंच सांगतात. त्या दिवसापासून बोलणं बंद. मग बेल्गोरोदवरही मारा झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. एका रात्री बाबुश्काने भाचीला लिहिलं, तुझी मावशी देवापुढे दिवा लावते ना, तिला सांग माझ्या बहिणीसाठीही लाव. आणि खाली एक ओळ, पण मी तिचा फोन घेणार नाही.

मी दिवा लावला. फोन का घेत नाहीस असं विचारायचा मला अधिकार नव्हता. ज्याच्या घराची काच फुटली नाही त्याने क्षमेचं प्रवचन देऊ नये, असं मला वाटतं. कुणाला पटेल, कुणाला नाही.

आणि हे सगळं ज्या तोंडाने सांगते आहे, त्याच तोंडाने आता आपल्याच ग्रुपचं सांगते. 7 मे 2025 नंतरचे तीन-चार दिवस आठवा. आपल्या सैन्याला आपला मुजराच आहे. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र, इथे कुणाला देशभक्ती शिकवायला नको. पण नामजपाच्या ग्रुपवर आपण काय काय टाकत होतो? एकामागून एक स्फोटांचे व्हिडिओ, फटाक्यांचे स्टिकर, "अजून आत घुसा". त्यातला एक व्हिडिओ तर खेळातला निघाला, कॉम्प्युटर गेममधला. तो मी टाकला होता. मी, जी युक्रेनचं सगळं ऐकून होते.

त्याच रात्री आपल्यातल्या एका ताईंनी लिहिलं होतं, "माझा मुलगा जम्मूकडे आहे, दोन दिवस फोन नाही, नाम घ्या." ते वाक्य वर गेलं आणि खाली आपले स्टिकर पडत राहिले. कुणीही उत्तर दिलं नाही. मी मागे जाऊन मोजलं, तेवीस. सकाळी ताईंनी ग्रुप सोडला होता.

10 तारखेला गोळीबार थांबला. मी त्यांच्या घरी गेले 18 तारखेला. आठ दिवस धीर झाला नाही, हेही लिहून टाकते. त्यांनी मला आत घेतलं, चहा केला, रागावल्या नाहीत. मुलाचा फोन आला होता, सुखरूप होता. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "वहिनी, राहू दे." मग आपणहूनच सांगायला लागल्या. त्या रात्री त्यांनी मोठ्या डब्यातला सगळा तांदूळ परातीत ओतला आणि निवडत बसल्या. दुकानातला स्वच्छ तांदूळ, त्यात खडा कुठला? पण हात थांबला की फोनकडे जायचा, म्हणून संपला की परत पहिल्यापासून. शिजवला नाही. किती घालायचा ते सुचेना, म्हणाल्या.

त्या छोट्या मुलीला मी अजून उत्तर दिलेलं नाही. भेटली की ताईंच्या परातीचं सांगणार आहे, बघू.

येत्या गुरुवारी संध्याकाळी 6 वाजता विश्वशांतीसाठी सामूहिक जप आहे, हे आधी कळवलेलंच आहे. त्यात एक छोटा बदल सुचवते, मोठ्या काकांनी होकार दिला आहे. विश्व म्हणजे फार मोठं होतं, मन त्यात हरवून जातं. प्रत्येकाने येताना एका चिठ्ठीवर एकच नाव लिहून आणावं. युद्धात असलेल्या, नाहीतर युद्धामुळे घरदार सुटलेल्या कुणाचंही. सरहद्दीच्या कुठल्याही बाजूचं. ज्यांच्याशी आपलं बोलणं बंद आहे अशा घरच्या माणसाचं आणलं तरी चालेल. चिठ्ठ्या पादुकांपाशी ठेवू, वाचून दाखवायच्या नाहीत. जे बाहेरगावी आहेत, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद, त्यांनी आपापल्या देवघरात ठेवाव्यात. प्रसादाची खिचडी ह्या वेळी ताईंकडून आहे. त्या ग्रुपवर परत आलेल्या नाहीत, पण सत्संगाला येणार आहेत. माप काढायला किती जण येणार ते मला बुधवारपर्यंत कळवा, नुसता अंगठा दाखवू नका, आकडा लिहा.

माझी चिठ्ठी लिहून झाली आहे. बेल्गोरोदच्या त्या बहिणीचं नाव. भाचीने फोनवर तीनदा सांगितलं, तरी देवनागरीत बरोबर उतरलंय की नाही कोण जाणे.

गुरुचरणी,
आपली एक सेविका, बेळगाव 🙏